आसईत आपण कुणाच्या बाजूला होतो?

निजामाचं नाव निघालं की वर्गातल्या काही नजरा मुस्लीम मुलांकडे वळतात. मी भाषेचा शिक्षक, पण हे रोज पाहतो. परवा भोकरदनकडच्या एका मुलाने हळूच विचारलं, "सर, आसईच्या लढाईत आपण कुणाच्या बाजूला होतो?"

प्रश्न साधा आहे. उत्तरासाठी मात्र कंपनी सरकार शेजाऱ्यांशी कसं वागत गेलं ते पाहावं लागतं.

१७८४ च्या कायद्यात ब्रिटिश संसदेनेच म्हटलं होतं की हिंदुस्थानात मुलूख जिंकणं आपल्या धोरणात बसत नाही. १७९५ साली खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला हरवलं, तेव्हा दोस्त म्हणवणारी कंपनी तटस्थ राहिली. १७९८ ला लॉर्ड वेलस्ली आला आणि धोरण बदललं. आता शेजाऱ्याला फौज द्यायची, खर्च त्याच्याकडून घ्यायचा आणि त्याचं परराष्ट्र धोरण आपल्या हाती ठेवायचं. एकट्या पडलेल्या निजामाने त्याच वर्षी तैनाती फौज घेतली. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत पेशव्यांनीही सही केली.

शिंदे आणि भोसल्यांना हे मान्य नव्हतं. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. आर्थर वेलस्लीच्या सैन्यात मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारही होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा जर्मन. निजामाची फौज कर्नल स्टीव्हन्सनसोबत होती, ती त्या दिवशी रणांगणावर पोहोचलीच नाही. कंपनी जिंकली, पण तिचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला. त्यात जालनाही होतं. १८०४ मध्ये कंपनीने ते निजामाला दिलं. म्हणजे जालना निजामाने तलवारीने घेतलं नव्हतं, ते त्याला दोस्तीपोटी मिळालं. पुढे त्या दोस्तीची किंमतही वसूल झाली. फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये शेजारचा वऱ्हाड कंपनीने आपल्या ताब्यात घेतला.

अमेरिकेचा प्रवासही याच वळणाचा आहे. १७९६ मध्ये वॉशिंग्टन युरोपच्या भांडणांपासून दूर राहायला सांगत होते. १८२३ मध्ये मन्रो यांनी युरोपला बजावलं की आमच्या खंडात नव्या वसाहती नकोत. १८४८ पर्यंत शेजारच्या मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेने घेतला होता. ताकद नसते तोवर तटस्थता, ताकद आली की शेजाऱ्याची "काळजी".

त्या मुलाला मी म्हणालो, "बेटा, मराठे दोन्ही बाजूंना होते. मुसलमानही दोन्ही बाजूंना होते. निजामाने जे केलं तेच पेशव्यांनीही केलं. शेजाऱ्याच्या भीतीने त्यांनी दूरचा पहारेकरी घरात घेतला."

मग मी हेच सगळ्या वर्गाला सांगितलं. त्याला एकट्याला सांगून भागलं नसतं.