मांजराची किंमत आणि मांजराचा खर्च

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा भगिनी सकाळच्या मिस्साबलिदानानंतर सॅक्रिस्तीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे नऊ वर्षांचे मांजर तापाने फणफणले होते, अन्नाला तोंड लावीत नव्हते. शहरातील पशुवैद्याने तपासण्या, सलाईन आणि इंजेक्शने मिळून जो खर्च सांगितला, तो त्यांच्या महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्याहून अधिक होता. त्या परत आल्या आणि स्वतःसाठी आणलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कुसकरून त्यांनी मांजराला पाजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले.

“फादर,” त्यांनी विचारले, “पैसे वाचवायला गेले म्हणून मीच त्याचा जीव घेतला का? आणि खर्च केला असता, तर माणसाच्या तोंडचा घास जनावराला दिला असे झाले असते का?”

“मावशी, मला विचार करू द्या,” एवढेच आम्ही त्या वेळी म्हणू शकलो. प्रश्न दुहेरी होता आणि आमच्यापाशी एकाही बाजूचे उत्तर तयार नव्हते. ते शोधताना आम्हांला इतिहासाची पाने उलटावी लागली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पवित्र शास्त्रात मेंढरू, बैल, गाढव पदोपदी भेटतात. तोबीतच्या ग्रंथात कुत्राही वाटसरूंच्या सोबत चालतो. घरगुती मांजर मात्र एकदाच दिसते, तेही बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, निर्जीव मूर्तींच्या अंगावर बसलेले. मध्ययुगीन युरोपात त्याला मोल आले ते उंदरांमुळे. दहाव्या शतकातील वेल्सचा राजा हवेल धा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत मांजराची किंमतच ठरवून दिलेली आहे. डोळे उघडण्यापूर्वी एक पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेन्स आणि त्यानंतर चार पेन्स! ही किंमत अर्थातच त्याच्या कामाची होती.

आमच्या ख्रिस्तसभेच्या हिशेबवह्यांतही मांजर आहे. इंग्लंडमधील एक्सेटर कॅथेड्रलच्या जमाखर्चात 1305 ते 1467 या काळात मांजरासाठी दर तिमाहीला तेरा पेन्स, म्हणजे आठवड्याला सुमारे एक पेनी, दिल्याची नोंद आढळते. त्याच मंदिराच्या एका दाराला मांजरासाठी पाडलेले भोक आजही दाखवले जाते. तेराव्या शतकात इंग्लंडमधील एकांतवासी व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिलेल्या नियमावलीत पाळीव प्राण्यांना मनाई आहे, अपवाद फक्त मांजराचा. 1233 मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी काढलेल्या एका पत्रात पाखंड्यांच्या विधींचे वर्णन करताना काळ्या मांजराचा उल्लेख आला हे खरे. परंतु त्या पत्राने युरोपभर मांजरांच्या कत्तलीचा हुकूम दिला, ही जी कथा वारंवार सांगितली जाते, तिला त्या पत्रात आधार नाही.

या सर्व नोंदींत एक गोष्ट लक्षात येते. खर्च आहे तो मांजराच्या पोटाचा. आजारी मांजराच्या औषधपाण्यासाठी कोणी वेगळी रक्कम काढून ठेवीत असल्याचे त्यांत दिसत नाही. एक गेले की दुसरे येई.

पशुवैद्यकशास्त्राचा जन्मही मांजरासाठी झाला नाही. फ्रान्समध्ये लियाँ येथे 1761 मध्ये पहिल्या पशुवैद्यक विद्यालयाला राजाची अनुज्ञा मिळाली. त्यामागे गुरांच्या साथीची भीती होती. लंडनचे विद्यालय 1791 मध्ये निघाले, ते प्रामुख्याने घोड्यांच्या आरोग्यासाठी. आपल्या मुंबईत परळला 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा शहरातील ट्रामही घोडेच ओढीत होते. घोड्याला आणि बैलाला बाजारभाव होता. त्यामुळे वैद्याची फी त्या भावाशी ताडून पाहता येई. मांजराला भाव नव्हता, म्हणून त्याला वैद्यही नव्हता.

हे गणित बदलण्यात एका स्त्रीचा वाटा मोठा आहे. मेथडिस्ट पाळकाच्या घरात वाढलेल्या मारिया डिकिन यांनी लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्त्यांत उपाशी, लंगडणारी, खरजेने पिडलेली जनावरे पाहिली. त्यांच्या मालकांना माया नव्हती असे नाही. नव्हते ते पैसे. 17 नोव्हेंबर 1917 रोजी, महायुद्ध चालू असताना, डिकिनबाईंनी व्हाइटचॅपलमधील एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. थोड्याच दिवसांत गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. पुढे 1921 मध्ये घोड्याने ओढायचा फिरता दवाखानाही निघाला.

पशुवैद्यांच्या व्यवसायाने या कार्याला विरोध केला. पदवी नसलेली माणसे उपचार करतात, हा त्यांचा आक्षेप होता. त्यात पोटापाण्याची काळजी असेलही, पण तथ्यही होते. 1948 च्या ब्रिटिश कायद्याने पशुवैद्यक व्यवसायावर शिक्षणाची आणि नोंदणीची अट घातली. उपचार स्वस्त असावेत आणि ते जाणत्या हातांनी व्हावेत, या दोन्ही मागण्या न्याय्यच होत्या. त्यांची सांगड घालण्याचे काम आजही संपलेले नाही.

डिकिनबाईंच्या नावाने 1943 पासून युद्धातील प्राण्यांना पदक दिले जाते. ते मिळालेले मांजर एकच. यांगत्से नदीत 1949 मध्ये तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या ‘अमेथिस्ट’ या युद्धनौकेवरील जखमी सायमन.

आमच्याकडेही दयेची परंपरा जुनी आहे. 1832 मध्ये मुंबईत मोकाट कुत्र्यांच्या हत्येवरून दंगा उसळला. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. पुढे 1880 च्या दशकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले.

मग आज मांजराचा उपचार इतका महाग का? माणसाला लागणारेच क्ष-किरण यंत्र, तीच भूल, तशीच रक्ततपासणी त्यालाही लागते. माणसाच्या मागे सरकारी रुग्णालय आणि विमा काही अंशी तरी उभे असतात. मांजराचा भार बहुधा एकाच बटव्यावर पडतो. शिवाय मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी आपल्या यकृतातील यंत्रणा त्याच्या यकृतात फारच दुबळी असते. त्यामुळे आपल्याला आराम देणारी गोळी त्याच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते. अर्धी गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 2416 म्हणतो की, प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांच्याशी दयेने वागणे माणसाचे कर्तव्य आहे. तेथे संत फ्रान्सिस असिसीकर आणि संत फिलिप नेरी यांचे स्मरण केले आहे. परिच्छेद 2418 असेही बजावतो की, मानवी दुःखनिवारणासाठी प्राधान्याने लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे अनुचित आहे. ही दोन्ही वचने एकाच पानावर नांदतात. आमच्या मते दुसरे वचन प्राधान्यक्रम सांगते, बंदी घालीत नाही. ज्यांच्या घरी रेशमी गादीवर मांजर लोळते आणि मोलकरणीचा पगार तटतो, त्यांना ते टोचले पाहिजे. एकाकी विधवेने आपल्या एकमेव सोबत्यासाठी पोटाला चिमटा काढून ठेवलेल्या चार पैशांना ते लागू पडत नाही.

आणि गोळीचे काय? जे ठाऊकच नव्हते आणि जे मायेपोटी केले, त्याला पाप म्हणत नाहीत. दोष असेलच, तर आम्ही प्रवचनपीठावरून इतके बोललो आणि हे कधी सांगितले नाही, याचा.

आम्ही हे सारे मावशींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फादर, ते गोळीचे तेवढे फळ्यावर लिहा.” त्याच रविवारी ते लिहिले. 17 जानेवारीला, संत अंतोनी मठाधिपती यांच्या सणाला, प्राण्यांना आशीर्वाद देताना त्यांना तपासायला एक पशुवैद्यही बोलवावा, असे आता धर्मग्राम मंडळात ठरले आहे. त्याचा खर्च गरिबांच्या पेटीतून घेतला जाणार नाही. त्यासाठी वेगळी पेटी ठेवली आहे. तीत पहिली नोट मावशींनी टाकली.