घडीचा चाकू

पाते मुठीत मिटवून खिशात ठेवता येणारा लहान चाकू. पाते एका खिळीभोवती फिरते. अनेक चाकूंत मुठीच्या पाठीची पोलादी पट्टी त्याला उघडे किंवा मिटलेले दाबून धरते. काही चाकूंत उघडलेले पाते अडकवणारा खटका असतो. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला 1955 मध्ये याच कामासाठी फिरती कडी बसवली गेली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घडीच्या चाकूचा उपयोग रोजच्या कामाचा आहे. उल्हासनगरच्या बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांची सुतळी आणि खोक्यांच्या पट्ट्या कापायला, बदलापूरजवळच्या बागांत कलमे बांधायला, चंदेरी किल्ल्याच्या चढाईत दोर, फळे किंवा जखमेची पट्टी कापायला तो पुरतो. धार झाकलेली राहते, म्हणून पिशवी फाटत नाही आणि बोटही सुरक्षित राहते.

दुबळेपणा सांध्यातच आहे. बिनखटक्याच्या चाकूने टोक खुपसून जोर लावला, तर पाते बोटांवर मिटते. असंख्य जखमा अशाच होतात. बांबू वा नारळ फोडायला कोयताच हवा. सांध्यात धूळ आणि कैरी-लिंबाचा रस साचतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात साध्या कार्बन पोलादाचे पाते रात्रीतून गंजू शकते. स्टेनलेस पाते धारेला थोडे कमी टिकले तरी इथे तेच घ्यावे, आणि मिटवण्याआधी पुसून, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. वीजवाहिनीवर मात्र साधा धातूचा चाकू कधीही वापरू नये.

कायद्याची बाजू बारकाईने पाहावी लागते. शस्त्र नियम, 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या बराच आत असतो. पण ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खालील मनाई आदेशात चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते. सण-निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश निघतात. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही.

रामपुरीसारखा कळ दाबताच उघडणारा लांब चाकू कामाचा नव्हे, धाकाचा, तो टाळावा. तीन इंचांचे स्टेनलेस पाते आणि पक्का खटका असलेला चाकू कामाच्या जागी उत्तम. लोकलच्या गर्दीत तो विनाकारण खिशात नसावा.