घरचा संगणक आणि घरची लिपी

हरिहरेश्वरास जाणारे बहुतेक लोक काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन घेतात, ओहोटी असेल तर पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणा करतात आणि संध्याकाळी परततात. आम्ही गेलो होतो ते एका घराच्या माळ्यावरील सामान पाहण्यासाठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या घराची निम्मी कौले उडाली आणि माळा उघडा पडला. भिजलेली खोकी खाली उतरवली गेली, ती पुन्हा वर चढवावीत की टाकून द्यावीत, असा प्रश्न होता. घर एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचे. ते आम्हांला गुरुस्थानी. या लेखात त्यांना नुसते 'सर' म्हणू.

खोक्यांत तीन संगणक होते. पहिला रबरी कळांचा स्पेक्ट्रम, मुंबईच्या एका नातेवाइकाने १९८६ साली दिलेला. दुसरा १९९४ चा पीसी, तिसरा २००३ चा. त्यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा फ्लॉप्या. या फ्लॉप्यांत सरांनी श्रीवर्धन तालुक्यातील गावांतून पंधरा वर्षे हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सांगणाऱ्या बायका आता हयात नाहीत. ज्या वह्यांवरून ओव्या टंकित केल्या त्या वह्या, 'आता संगणकात आहे' या भरवशावर, वाळवीच्या स्वाधीन झालेल्या. म्हणजे प्रश्न भंगाराचा राहिला नव्हता.

मराठी मध्यमवर्गाने घरगुती संगणकाची निवड कशी केली, हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी लिहिलेला नाही. लिहिला जातो तो यंत्रांचा इतिहास: स्मृती किती, वेग किती, किंमत किती. सरांच्या माळ्याने आम्हांला तोच इतिहास दुसऱ्या टोकाने वाचावयास लावला.

पहिली फेरी ऐंशीच्या दशकातली. डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला आणि एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. पहिला शाळेसाठी, मजबूत आणि महाग. दुसरा घरासाठी, स्वस्त, दूरदर्शन संचाला जोडायचा, आणि त्यावरचा कार्यक्रम साध्या कॅसेटवरून चढवायचा. भारतात हे दोन्ही आले. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' ही संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तिच्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड झाली आणि सुमारे अडीचशे शाळांपासून आरंभ झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रमची देशी आवृत्ती बाजारात आणली. तेव्हा सुशिक्षित घरांत चर्चा असे ती शाळेत आहे तेच यंत्र घरी घ्यावे की परवडते ते घ्यावे, याची. मराठीत काय लिहिता येईल, हा प्रश्न त्या चर्चेत नव्हता. संगणकाची भाषा इंग्रजी, हे जणू विजेच्या दाबाइतके नैसर्गिक सत्य होते.

सरांनी मात्र प्रयत्न केला होता. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्यास स्वतःची चिन्हे रेखाटता येत. त्यासाठी २१ जागा राखून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक चिन्ह आठ ओळी आणि आठ स्तंभ अशा ६४ ठिपक्यांत बसवायचे. आता हिशेब पाहा. मराठीची व्यंजनेच एकवीसपेक्षा अधिक. शिवाय आठ ओळींपैकी एक शिरोरेषेला, वर मात्रा आणि अनुस्वार यांना दोन, खाली उकाराला दोन; अक्षराच्या देहाला उरल्या तीन ओळी. रोमन 'ए' ज्या चौकटीत ऐसपैस बसतो, तीत 'कूं' गुदमरतो. सरांनी त्या २१ घरांतून नातवंडांची नावे पडद्यावर उमटवली आणि तो नाद सोडला. अर्थात स्पेक्ट्रमचा यात दोष नव्हता. ते यंत्र इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी घडवले होते. आपण त्याला वेगळे काही मागितलेही नव्हते.

दुसरी फेरी अधिक महत्त्वाची. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला आणि जानेवारी १९८४ मध्ये ॲपलने मॅकिंटॉश. मॅकिंटॉश चित्रांतून बोलणारा, देखणा. त्याच्या पडद्यावर अक्षर हे मुळातच चित्र असल्यामुळे कोणत्याही लिपीला तो तत्त्वतः मोकळा. पीसी त्या मानाने ओबडधोबड. परंतु पीसीचे पोट उघडता येई. आत रिकाम्या खाचा होत्या आणि त्यांत कोणाही तिसऱ्याने बनवलेले कार्ड बसवता येत असे. भारतीय लिप्यांचा पहिला भक्कम प्रवेश झाला तो या खाचेतून. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून देवनागरी संगणकावर काम चालले होते. मोहन तांबे यांनी तेथे घडवलेले तंत्र 'जिस्ट' या नावाने पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ही संस्था १९८८ सालची. जिस्ट कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमही देवनागरी दाखवू लागत. मराठी घरांत आणि कचेऱ्यांत पीसी आला याचे पहिले कारण अर्थातच किंमत. दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी भेटे आणि कार्यक्रम ओळखीच्याकडून नकलून मिळत, हे दुसरे. पण ज्याला मराठीतच लिहायचे होते त्याच्यासाठी ती रिकामी खाच हेही एक कारण होते. देखणे यंत्र की उघडे यंत्र, या निवडीत आपण उघड्याकडे झुकलो, आणि ते योग्यच झाले असे आम्हांस आजही वाटते.

चूक झाली ती पुढे, आणि ती यंत्र निवडण्यात झालेली नाही.

संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. 'क' साठी कोणता आकडा, हे ठरवणे म्हणजे संकेतन. भारतीय लिप्यांसाठी असे सामाईक संकेतन ठरलेले होते. 'इस्की' हे त्याचे नाव, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. त्यामागचा विचार फार सुंदर होता. साठवायचे ते अक्षराचे चित्र नव्हे, वर्ण. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात 'क' आधी. म्हणून साठवणही 'क' मग इकार अशी. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. अशा रीतीने साठवलेला मजकूर शोधता येतो आणि त्याची वर्णानुक्रमे मांडणी करता येते.

परंतु नव्वदच्या दशकात विंडोज आले आणि फॉन्ट स्वस्त झाले. मग एक सोपी युक्ती सर्रास वापरली जाऊ लागली. रोमन अक्षराच्या आकड्यावर देवनागरी आकाराचे चित्र बसवायचे. संगणकाला वाटते तो इंग्रजी अक्षर साठवतो आहे. आपल्याला पडद्यावर अर्धा 'क' दिसतो. निरनिराळ्या कंपन्यांनी हे आपापल्या परीने केले, आणि एकाच्या फॉन्टमध्ये ज्या आकड्यावर 'म' त्याच आकड्यावर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये काना. वेलांटी टंकलेखन यंत्राप्रमाणे आधी साठवली जाई. कागदावर छपाई उत्तम येत असे, आणि आपल्याला तेव्हा कागदच हवा होता. पुस्तके निघाली, लग्नपत्रिका निघाल्या, प्रबंध निघाले. आमचा स्वतःचा एम.ए.चा लघुप्रबंधही अशाच एका फॉन्टात टंकित झालेला आहे. त्याची फाईल आमच्याजवळ आहे. ती आज उघडली तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा चिवडा दिसतो.

सरांच्या ओव्यांचे नेमके हेच झाले होते. १९९४ चा पीसी घेण्यापूर्वी ते महिनाभर चौकशी करीत होते. पडदा रंगीत की कृष्णधवल, हार्ड डिस्क केवढी, कोणत्या दुकानातून, खाऱ्या हवेत टिकेल का. "मशीनबद्दल दहा जणांना विचारलं," ते आम्हांला म्हणाले, "फॉन्ट मात्र दुकानदाराने घालून दिला तो घेतला. त्यात विचारण्यासारखं काय असतं असं वाटलं." खाऱ्या हवेची त्यांची भीती खरी ठरली, अकरापैकी चारच फ्लॉप्या वाचल्या गेल्या. पण त्या चार फ्लॉप्यांतला मजकूर अक्षत असूनही वाचता येत नव्हता. तो फॉन्ट विकणारी कंपनी बंद पडली होती.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली होती. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या, आणि त्यांची रचना इस्कीवरूनच घेतली. मात्र घरच्या संगणकापर्यंत ती पोहोचायला दहा वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा फॉन्ट आला. २००१ च्या एक्सपीमध्येही देवनागरीची सोय मूळ चकती घालून मुद्दाम चालू करावी लागे. ज्यांनी ती चालू केली त्यांनी आंतरजालावर मराठी उभी केली: २००३ साली मराठी विकिपीडिया, २००४ साली मनोगत, २००७ साली उपक्रम आणि मिसळपाव. त्या काळात 'विंडोज ९८ वर मराठी दिसत नाही, काय करू?' हा प्रश्न संकेतस्थळांवर नित्याचा होता. संगणक बदलण्याचे कारण मराठी असू शकते, हे मराठी घरांत बहुधा तेव्हा प्रथमच घडले.

तरीही हिशेब पुरता मिटला नव्हता. मराठीतला 'ॲ' युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. तोवर आपण हिंदी वळणाचा 'ऍ' वापरत होतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला भेद मराठी शाळेतले मूल जाणते, पण तो अर्धा 'ऱ' कसा उमटवायचा हे अनेकांना वर्षानुवर्षे साधले नाही. 'किनाऱ्यावर' हा साधा शब्द कित्येक जुन्या लेखनात 'किनार्यावर' असा पडलेला आढळतो. लिपीच्या मानकाची चर्चा ज्या टेबलावर होते तेथे भाषेची माणसे नसली की असे होते. त्या टेबलावर आम्ही मराठीचे प्राध्यापकही नव्हतो, ही कबुली येथे द्यावयास हवी.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. १७१३ साली पेशवा झालेले बाळाजी विश्वनाथ जवळच्याच श्रीवर्धनचे. त्यांच्या घराण्याचा कारभार मोडीत लिहिला गेला आणि तो कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक ४५ खंडांत छापले. उरलेला प्रचंड भाग मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत आहे. कागद टिकला, वाचक आटले. परंतु मोडी शिकता येते. तिचे वळण कित्येक पिढ्यांनी सामाईक मानलेले होते, आणि २०१४ साली तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. सरांच्या फ्लॉपीतली लिपी अवघी तीस वर्षांची, पण ती कोणाशीच सामाईक नव्हती. तीनशे वर्षांपूर्वीचा कारकून आपल्याला वाचता येतो आणि आपणच १९९४ साली लिहिलेले वाचता येत नाही, याचे कारण एवढेच आहे.

ओव्यांचे पुढे काय झाले? सरांच्या पत्नीच्या पोथीत घडी घालून ठेवलेली छापील चार पाने मिळाली. १९९५ साली एका गौरीच्या सणाला वाटण्यासाठी काढलेल्या प्रतींपैकी ती एक. त्याच ओव्या एका वाचता आलेल्या फ्लॉपीत होत्या. मग आमचे काम मोडी शिकणाऱ्यासारखे झाले: डावीकडे चिवडा, उजवीकडे छापील पान, आणि मधे तक्ता. कोणत्या चिन्हामागे कोणता वर्ण, कोणत्या ठिकाणी वेलांटी उचलून मागे न्यायची. दोन सुट्ट्यांत तक्ता पुरा झाला आणि चार फ्लॉप्यांतल्या ओव्या युनिकोडमध्ये आल्या. सात फ्लॉप्यांतल्या गेल्या त्या गेल्या.

आमचे विद्यार्थी आजही विचारतात, कोणता लॅपटॉप घ्यावा. आम्ही म्हणतो, परवडेल तो घ्या, तो पाच-सात वर्षांत जाणारच आहे. लिहिलेले मात्र अशा रूपात ठेवा की ते तुमच्या यंत्रावाचून, तुमच्या फॉन्टवाचून, तुमच्यावाचून दुसऱ्याला उघडता येईल. आणि वही टाकून देऊ नका. हा शेवटचा सल्ला सरांचा आहे.