महायुद्धकाळांतील चिमूर व त्याचीं इतिहाससाधनें

दुसऱ्या महायुद्धाची रणभूमि चांदा जिल्ह्याच्या रानापासून शेंकडों कोस दूर होती. (आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा बहुतेक मुलूख त्या वेळीं चांदा जिल्ह्यांत मोडे, गडचिरोली १९८२ सालीं वेगळा झाला.) तरी युद्धानें येथील प्रजेचें जीवन पालटलें, इतकेंच नव्हे तर त्या पालटाची नोंदहि एकांगी करून ठेविली. हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं लोकप्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. नोव्हेंबरांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शुक्ल मंत्रिमंडळानें राजीनामा दिला व कारभार गव्हर्नराकडे गेला. भारतसंरक्षण कायद्यान्वयें सभा, मिरवणुका व छापखाने सरकारच्या मुठींत आले. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें, ब्रह्मदेशाचा तांदूळ येईनासा झाला आणि महागाई खेड्यापाड्यांपर्यंत पोंचली.

अशा स्थितींत १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरास मिरवणूक निघाली. गोळीबारांत बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. खवळलेल्या जमावानें कांहीं सरकारी अधिकाऱ्यांस ठार केलें. मागाहून फौज आली. गांवांतील पुरुषांची धरपकड झाली, सामुदायिक दंड बसला, आणि सैनिकांनीं घरांत शिरून स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या.

या तक्रारींची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी प्रथम दिल्लीस लोकनायक अणे यांजकडे गेले. पुढें सेवाग्रामीं ११ नोव्हेंबरपासून त्यांनीं उपोषण आरंभिलें. सरकारनें त्याची वार्ता छापण्यासहि बंदी केली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपले अंक बंद ठेविले. ६३ दिवसांचें तें उपोषण १२ जानेवारीस सुटलें. चिमूर-आष्टीच्या कैद्यांच्या फांशीविरुद्ध अनसूयाबाई काळे प्रभृतींनीं खटपट केली. १९४५ सालीं त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

आतां साधनांचा विचार करूं. मृत अधिकाऱ्यांचें वृत्त पोलिसांच्या कागदांत व न्यायालयाच्या दप्तरांत साक्षीपुराव्यासह उतरलें. उलटपक्षीं ज्या स्त्रियांनीं तक्रार केली, त्यांचें म्हणणें छापूं दिलें गेलें नाहीं. एका बाजूचा कागद विपुल व दुसऱ्या बाजूचा विरळ, अशी ही स्थिति आहे. ती लक्षांत न घेतां केवळ दप्तरावरून निर्णय देणारा संशोधक नकळत तत्कालीन बंदीचाच अंमल पुढें चालवितो.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या पोथ्या व मोडी रुमाल शोधतांना चिमूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली या बाजूच्या घरांतील दंडाच्या पावत्या, तुरुंगांतून आलेलीं पत्रें व दुकानदारांच्या धान्यभावाच्या वह्या यांचीहि विचारपूस करावी. हे कागद अद्याप रद्दींत जातात. त्यांचें वय थोडें असेल. पण त्या काळच्या प्रजेची बाजू सांगणारें याहून जवळचें साधन दुसरें नाहीं.