शेवटी झोपणारी

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या पेठेतल्या वाड्यात सगळ्यांत शेवटी आजी झोपायची. चुलीतले निखारे राखेखाली गेले का, समई शांत झाली का, माडीवरच्या कागदी आकाशकंदिलातली पणती काढली का, हे पाहिल्याशिवाय तिची पाठ अंथरुणाला टेकत नसे. ही फेरी तिला तिच्या सासूबाईंनी लावून दिली होती.

पुण्यात ही भीती उगाच मुरलेली नव्हती. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. सागवानी महाल, नक्षीचे खांब, रंगवलेली छतं सगळं गेलं; तट, दरवाजे आणि दगडी जोती तेवढी उरली. त्याआधी १७९१ आणि १८१२ मध्येही तिथे आगी लागल्या होत्या. आमच्या घरी हा इतिहास म्हणून कुणी सांगत नसे. "पेशव्यांचं घर वाचलं नाही, तिथे आपलं काय?" असं म्हणत पणजी फुलबाज्या घेतलेल्या पोरांना माडीवरून खाली चौकात पिटाळायची.

तिचं खरंच होतं. वाडा बाहेरून दगडविटांचा, पण आत सागाचे खांब, तुळया, वर कडीपाट आणि एकच अरुंद लाकडी जिना. खाली पेटलं की धूर त्याच जिन्याने वर चढणार. शेजारच्या वाड्याशी भिंत सामाईक.

आजोबा पलीकडच्या आळीतली हकिगत सांगत. मार्गशीर्षातल्या एका रात्री बाळंतिणीच्या खाटेखालच्या शेगडीने लोंबती गोधडी धरली. कात्रजचं पाणी येणाऱ्या हौदापासून माणसं रांगेने उभी राहिली, घागरी हातोहात पुढे सरकल्या. आई आणि बाळ वाचलं, माडी मात्र जळाली. तेव्हापासून आमच्याकडे शेगडी खाटेखाली कधी गेली नाही, आणि ती खोलीत असेतोवर खिडकी किलकिली ठेवायची असा दंडक पडला. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. बंद खोलीत शेगडी घेऊन निजलेली आणि सकाळी न उठलेली माणसं तिने ऐकली होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटायचा. सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की त्याची राख दगडी मोरीत पाणी मारून पडून राहायची आणि दुसऱ्या दिवशीच बाहेर जायची. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात विस्तव असतो, हे तिचं ठाम म्हणणं.

आता बंब गेला, शेगडी गेली. विस्तव मात्र घरातच आहे, फक्त दिसेनासा झाला आहे. एकाच बोर्डावर हीटर, दिव्यांच्या माळा आणि चार्जर, पणतीशेजारी पडदा, अंगात सुती नऊवारीऐवजी वितळून कातडीला चिकटणारं कृत्रिम कापड. चकल्या तळताना कढई पेटली तर लोक घाबरून पाणी ओततात आणि भडका छतापर्यंत जातो. गॅस बंद करून वर ताट झाकावं, कढई हलवू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दारंखिडक्या उघडाव्यात, विजेचं बटण चालूही करू नये आणि बंदही. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी हवं.

सगळ्यांत चीड येते ती सोसायट्यांच्या जिन्यांची. वाड्याचा जिना अरुंद होता, पण मोकळा होता. आपण रुंद जिने बांधले आणि त्यांत चपलांची कपाटं, सायकली, रद्दीचे गठ्ठे भरले. धुरात डोळे मिटून उतरणाऱ्या माणसाला ते कसे चुकवता येणार?

सुट्टीत गावाला निघताना रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करा. १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. आणि जिन्यातलं सामान कृपा करून आजच उचला.