एकवेळ वापराची रणगाडाविरोधी शस्त्रे

एकवेळ वापराची रणगाडाविरोधी शस्त्रे ही कारखान्यातच अस्त्र भरून बंद केलेली, खांद्यावरून डागावयाची नळीच्या आकाराची हलकी शस्त्रे होत. एकदा डागल्यानंतर नळी टाकून दिली जाते. ती चालविण्यास स्वतंत्र पथक लागत नाही. पायदळातील कोणताही सैनिक अल्प प्रशिक्षणानंतर ती वापरू शकतो.

कार्यतत्त्व

अशा शस्त्राची नळी दोन्ही बाजूंनी उघडी होते. अस्त्र पुढे जाताना तप्त वायू मागे फेकले जातात, त्यामुळे सैनिकाच्या खांद्याला धक्का बसत नाही. अस्त्राच्या अग्रभागातील स्फोटकाला शंकूसारखी पोकळी असते व तिला आतून धातूचे, बहुधा तांब्याचे, अस्तर असते. स्फोट होताच या अस्तराची अतिवेगवान बारीक धार बनून ती पोलादी चिलखत भेदते. हा भेद अस्त्राच्या वेगावर अवलंबून नसल्यामुळे जड तोफेची गरज उरत नाही.

इतिहास

सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी प्रथम रणगाडे वापरले. त्यांना तोंड देण्यासाठी जर्मनीने १९१८ मध्ये १३.२ मिमी व्यासाची मोठी रायफल काढली. पुढे चिलखत जाड होत गेले आणि अशा रायफली निष्प्रभ ठरल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बझूका (१९४२) व ब्रिटनचे पिआट (१९४३) ही शस्त्रे आली. मात्र ती पुन्हा भरता येणारी होती.

एकदाच वापरावयाचे पहिले यशस्वी शस्त्र म्हणजे जर्मनीचे पान्झरफाउस्ट (१९४३). ‘पान्झर’ म्हणजे चिलखत किंवा रणगाडा व ‘फाउस्ट’ म्हणजे मूठ. ते प्रायः काखेत धरून डागले जाई. आरंभीचा पल्ला अवघा ३० मीटर होता; नंतरच्या प्रकारांत तो ६० व १०० मीटरपर्यंत वाढला. स्वस्त व सोपे असल्याने ते लक्षावधींच्या संख्येने तयार झाले. १९४५ मध्ये जर्मनीने ते लोकसेनेतील वृद्धांच्या व किशोरवयीन मुलांच्या हाती दिले. रणगाड्याच्या इतक्या जवळ जाणाऱ्यांपैकी अनेकांना प्राण गमवावे लागले.

अमेरिकेने १९६० च्या दशकात ६६ मिमी व्यासाचे एम-७२ स्वीकारले. त्याची एकात एक सरकणारी नळी वापरण्यापूर्वी ओढून लांब करावी लागे. सोव्हिएत संघाचे आरपीजी-१८ (१९७२) याच धर्तीचे होते. स्वीडनचे ८४ मिमी व्यासाचे एटी-४ १९८० च्या दशकात आले. ब्रिटन व स्वीडन यांच्या सहकार्यातून निर्माण झालेले एनलॉ रणगाड्याच्या गतीचा अंदाज घेऊन त्याच्या पातळ छतावर आघात करते. २०२२ पासून युक्रेनमधील युद्धात त्याचा वापर झाला.

भारतातील स्थिती

भारतीय सेनेने १९७० च्या दशकात स्वीडनची ८४ मिमी कार्ल गुस्ताफ ही धक्कारहित तोफ स्वीकारली. ती खांद्यावरूनच डागली जाते, पण पुन्हा भरता येते. एकवेळ वापराच्या एटी-४ ची भारतीय सशस्त्र दलांसाठी निवड झाल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले.

महाराष्ट्रातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व रणगाडा संग्रहालय आहे. तेथील चाचणीक्षेत्रात सप्टेंबर २०१८ मध्ये, सैनिकाला वाहून नेता येईल अशा स्वदेशी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी झाली. हे क्षेपणास्त्र मार्गदर्शित असून त्याचे नेम धरण्याचे उपकरण पुन्हा वापरले जाते. म्हणून ते या वर्गात मोडत नाही.

मर्यादा

या शस्त्रांचा पल्ला सामान्यतः काही शे मीटरच असतो व हाती एकच प्रयत्न असतो. मागे जाणाऱ्या ज्वाळेमुळे सैनिकाची जागा शत्रूला कळते, पाठीमागील सहकाऱ्यांना इजा होऊ शकते आणि बंद खोलीतून मारा करणे धोक्याचे ठरते. काही नव्या प्रकारांत नळीच्या मागील भागात खारे पाणी भरून ही ज्वाळा कमी केली जाते. रणगाड्यांवर स्फोटक विटांचे प्रतिक्रियात्मक चिलखत आल्यानंतर एकामागे एक दोन स्फोटके असलेली अस्त्रे तयार करावी लागली.