नर्सिंगची परवाना परीक्षा: नोकरी सांभाळून अभ्यास आणि दिनचर्या कशी बसवायची?

निरगुडसर हे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले, उसाच्या पट्ट्यातले गाव. अशा गावातून नर्सिंग शिकून मंचरच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयात नोकरीला लागलेल्या उमेदवाराला परदेशी जायचे असेल, तर वाटेत परवाना परीक्षा येते. ड्युटी, प्रवास आणि घरकाम यांतून उरलेल्या वेळात तिची तयारी करावी लागते. त्यामुळे किती तास अभ्यास झाला यापेक्षा तो कोणत्या पद्धतीने झाला, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

परवाना परीक्षा नक्की कोणाला द्यावी लागते?

महाराष्ट्रात काम करण्यासाठी वेगळी परवाना परीक्षा नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. एम्सची ‘नॉरसेट’ ही नोकरभरतीची परीक्षा आहे. तिचा परवान्याशी संबंध नाही.

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायचे असेल, तर ‘एनक्लेक्स-आरएन’ उत्तीर्ण व्हावे लागते. इंग्लंड आणि आखाती देशांच्या परीक्षा वेगळ्या आहेत. म्हणून देश आधी ठरवावा आणि पुस्तके व क्लास नंतर.

एनक्लेक्सचे स्वरूप

- परीक्षा संगणकावर होते. प्रश्न किमान 85 आणि जास्तीत जास्त 150 असतात. वेळ 5 तास.
- आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही.
- निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. गुण किंवा टक्केवारी मिळत नाही.
- एप्रिल 2023 पासून रुग्णाची सविस्तर माहिती देऊन त्यावर सलग प्रश्न विचारले जातात.
- अनुत्तीर्ण झाल्यास साधारणपणे 45 दिवस थांबावे लागते आणि शुल्क पुन्हा भरावे लागते. नोंदणीचे शुल्क 200 डॉलर असून भारतातून परीक्षा देताना 150 डॉलर आणि कर वेगळा. पगारातून पैसे बाजूला टाकणाऱ्या घराला ही रक्कम मोठी आहे.

पाठांतर का पुरत नाही?

एक उदाहरण पाहा. एका परिचारिकेकडे चार रुग्ण आहेत. एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना होत आहेत. दुसऱ्याला 38 अंश सेल्सिअस ताप आहे. तिसऱ्याची रक्तातील साखर 58 असून त्याला दरदरून घाम फुटला आहे. चौथा घरी जाण्याच्या कागदपत्रांसाठी थांबला आहे. आधी कोणाकडे जायचे?

उत्तर तिसरा रुग्ण. साखर आणखी खाली गेली, तर तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. चारही आजारांची माहिती पाठ असली, तरी प्राधान्य ठरवण्याची सवय नसेल तर उत्तर चुकते.

अभ्यासाच्या कोणत्या सवयी बदलाव्यात?

1. वाचनापेक्षा प्रश्न जास्त. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्यानंतर मात्र स्वतःची चाचणी घेतलेले विद्यार्थी पुढे होते. वाचून ‘येते’ असे वाटणे फसवे असते.
2. चुकांची वही. बरोबर उत्तर उतरवून थांबू नये. आपण दुसरा पर्याय का निवडला, हे एका ओळीत लिहावे. माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही की प्राधान्य चुकले? महिन्याभरात आपली कमजोर बाजू या वहीतून दिसते.
3. अंतराने उजळणी. एखादा विषय एकाच दिवशी संपवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावा.
4. औषधांची मूळ नावे. वॉर्डात कंपन्यांची नावे तोंडात बसलेली असतात. एनक्लेक्समध्ये मुख्यतः जेनेरिक नावे येतात. ड्युटीवर औषध देताना मूळ नाव मनात म्हणण्याची सवय लावता येते.
5. न सोडता सराव. अवघड प्रश्न नंतरसाठी ठेवण्याची सवय या परीक्षेत चालत नाही. सरावातही क्रमाने उत्तरे द्यावीत.

नाइट ड्युटी आणि झोप

प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते. वाचलेले लक्षात राहण्यासाठीही झोप आवश्यक असते. रात्रपाळीहून आल्यावर लगेच पुस्तक उघडू नये. आधी अंधाऱ्या खोलीत, फोन बंद ठेवून झोप घ्यावी आणि अभ्यासाला दुपारनंतर बसावे. डोळ्यांवर झोप असताना दुचाकी चालवणे धोक्याचे आहे.

झोपेच्या वेळेआधी सहा तास चहा-कॉफी टाळलेली बरी. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे सततच्या थकव्याला आळस न समजता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

गावात राहून तयारी करताना

जुन्नर-आंबेगाव परिसरात उसात बिबट्याचा वावर असतो. पहाटे अंधारात शेतालगतच्या रस्त्याने फिरत पाठांतर करणे टाळावे. चालणे उजेडात आणि अभ्यास घरात, हेच सुरक्षित.

घरच्यांशी स्पष्ट बोलणेही तयारीचाच भाग आहे. दिवसा झोपलेली मुलगी किंवा सून आळशी दिसते. ती रात्रभर वॉर्डात उभी होती, हे घराने समजून घ्यावे लागते. रोजचे दोन तास सर्वांनी मिळून ठरवले आणि त्या वेळेतली कामे वाटून घेतली, तर अभ्यास टिकतो.

अर्ज आणि शेवटचा आठवडा

लग्नानंतर नाव बदलले असेल, तर परिषदेच्या नोंदणीत एक आणि पासपोर्टवर दुसरे नाव राहते. परीक्षेच्या अर्जातील नाव पासपोर्टशी जुळले नाही, तर केंद्रावर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. ही दुरुस्ती अर्जाआधीच करावी.

मुंबईत केंद्र घेतल्यास आदल्या दिवशीच पोहोचावे. शेवटच्या आठवड्यात शक्यतो रात्रपाळी बदलून घ्यावी, नवा विषय सुरू करू नये आणि चुकांची वही वाचावी. आदल्या रात्री जागरण करून मिळणाऱ्या चार पानांपेक्षा पुरेशी झोप झालेले डोके पाच तासांच्या परीक्षेत जास्त उपयोगी पडते.